एकाच नळीतून तीन ईई : फिनाइलइथाइलअमिनचं रिझोल्यूशन आणि पोलॅरिमीटर

फोंडा_ऑरगॅनिक

मंडळी, एम.एस्सी.च्या ऑरगॅनिक प्रॅक्टिकलला आम्ही रेसिमिक (आर आणि एस हे आरशातल्या प्रतिमेसारखे दोन समघटक निम्मे-निम्मे असलेल्या) १-फिनाइलइथाइलअमिनचं रिझोल्यूशन, म्हणजे ते दोन वेगळे करणं, ठेवलंय. प्रमाण नेहमीचंच : एल-(+)-टार्टारिक आम्ल ६.२५ ग्रॅम, मिथेनॉल ९० मिली, अमिन ५.० ग्रॅम. रात्रभर ठेवून आलेले स्फटिक गाळले, सोडियम हायड्रॉक्साइडने अमिन मोकळं केलं, ईथरमध्ये काढलं, सुकवलं, ईथर उडवलं. हाती आलं १.०५० ग्रॅम.

एवढ्या अमिनने नळी भरत नाही, म्हणून सगळं २५ मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घालून इथेनॉलने खुणेपर्यंत आणलं. म्हणजे ०.०४२० ग्रॅम प्रति मिली. नळी २० सेंटिमीटरची (२ डेसिमीटर), सोडियमचा दिवा, हाफ-शेड पोलॅरिमीटर (द्रावण ध्रुवित प्रकाश किती वळवतं तो कोन, क्षेत्राची दोन अर्धी सारखी करून वाचायचं यंत्र), लघुतम माप ०.१ अंश, स्केल ० ते १८०. खोलीत ३१ अंश.

नुसत्या इथेनॉलचं रीडिंग १७९.६५, द्रावणाचं १७७.५५. दोन्ही पाच-पाच रीडिंगच्या सरासरी. आता गंमत बघा. स्पेसिफिक रोटेशन म्हणजे कोन भागिले (डेसिमीटरमधली लांबी × काँसंट्रेशन). ईई म्हणजे एका समघटकाचं दुसऱ्यावरचं आधिक्य टक्क्यांत, इथे मोजलेलं स्पेसिफिक रोटेशन भागिले शुद्धाचं. शुद्ध एस-अमिनचं −४०.३ धरून :

पहिला गट : १७७.५५ − १८० = −२.४५, झिरो (नुसत्या इथेनॉलचं रीडिंग) विचारातच नाही. स्पेसिफिक रोटेशन −२९.२, ईई ७२ टक्के.
दुसरा गट : झिरोची चूक ०.३५, म्हणून −२.४५ − ०.३५ = −२.८०. स्पेसिफिक रोटेशन −३३.३, ईई ८३ टक्के.
तिसरा गट : −२.४५ + ०.३५ = −२.१०. स्पेसिफिक रोटेशन −२५.०, ईई ६२ टक्के.

चौथ्या गटाने १७७.५५ जसंच्या तसं सूत्रात घातलं आणि ईई ५२४५ टक्के काढला, तो आपण सोडून देऊ.

माझ्या मते तिसरा गट बरोबर आहे, पण मग ६२ टक्के फारच कमी वाटतो. स्फटिक दिसायला चांगले होते. चूक रिझोल्यूशनमध्ये आहे की हिशेबात? आणि जर्नलमध्ये उत्तर किती दशांशांपर्यंत लिहून घ्यावं?

---

वेर्णा_क्यूसी

झिरोपुरतं तिसऱ्या गटाचं बरोबर. विद्यार्थ्यांना "झिरोची चूक मिळवायची की वजा करायची" हा प्रश्न पडूच देऊ नका. रीडिंगमधून ब्लँकचं (नुसत्या विद्रावकाचं) रीडिंग वजा करायचं, बस. १७७.५५ − १७९.६५ = −२.१०. मध्ये १८० आणायची गरजच नाही. ब्लँक १८०च्या एका बाजूला आणि नमुना दुसऱ्या बाजूला गेला तरच १८०चा हिशेब करावा लागतो.

पण दोन गोष्टी आधी तपासल्यात का? एक, चिन्ह. १७७.५५ म्हणजे −२.४५ हे तुम्ही गृहीत धरलंय, कारण अपेक्षा तशी आहे. अनोळखी नमुना असता तर +१७७.५५ही होऊ शकला असता. खात्री करायला द्रावण बरोबर निम्मं पातळ करा. खरा कोन −२.१० असेल तर ब्लँकपासूनचा फरक −१.०५ होईल. +१७७.९० असेल तर ८८.९५ होईल. किंवा १० सेंटिमीटरची नळी घ्या, तेच काम.

दोन, यंत्र खरं बोलतंय का. त्यासाठी साखर पुरते. साधी पांढरी साखर बारीक करून १०५ अंशांवर दोन-तीन तास सुकवा, डेसिकेटरमध्ये गार करा, ५.०० ग्रॅम घेऊन पाण्याने ५० मिली करा. २० सेंटिमीटरच्या नळीत ब्लँक वजा जाता +१३.३ यायला हवं, कारण सुक्रोजचं स्पेसिफिक रोटेशन +६६.५. पावसाळ्यात आपल्याकडे उघड्या डब्यातली साखर हाताला चिकटते, ती न सुकवता घेतलीत तर कोन कमी येणार आणि दोष यंत्राच्या माथी जाणार. द्रावण त्याच दिवशी वापरा. साखर हा उजवीकडे वळवणारा पदार्थ असल्याने स्केल कुठल्या दिशेने वाढतं हेही एका रीडिंगमध्ये कळतं. साखर कारखान्यांत या मोजणीवरच सगळा व्यवहार चालतो : २६.००० ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलीत, २० सेंटिमीटरची नळी, कोन ३४.६, आणि त्यालाच १०० म्हणायचं.

---

अर्धछाया

ब्लँक १७९.६५ आलं यात वाईट काही नाही, फक्त ते रोज आणि त्याच नळीवर घ्यायला हवं. नळी बदलली की ब्लँक नवं.

हाफ-शेडमध्ये मुलं हमखास फसतात ती जागा वेगळी आहे. दोन्ही अर्धी सारखी दिसतात अशा दोन स्थिती असतात : एक अंधारी, दुसरी तिच्यापासून ९० अंशांवर, उजळ. उजळ स्थितीत विश्लेषक (हाताने फिरवायचा ध्रुवक) दोन-चार अंश फिरवला तरी फरक कळत नाही. रीडिंग अंधाऱ्या स्थितीतच घ्यायचं, जिथे जरा हात हलला की एक अर्ध काळं पडतं. डावीकडून येऊन तीन, उजवीकडून येऊन तीन, आणि दोन्ही व्हर्नियर वाचून सरासरी. समोरासमोरच्या दोन व्हर्नियरमुळे चकतीचा मध्य सरकलेला असला तरी ती चूक कटते.

नळीचं झाकण आवळताना जोर लावू नका. काचेच्या चकतीवर ताण आला की ती काच स्वतःच ध्रुवित प्रकाशाशी खेळायला लागते आणि ०.२-०.३ अंशांचा कोन फुकटचा मिळतो. गळणार नाही इतपत, बोटांच्या चिमटीने. बुडबुडा राहिलाच तर नळीच्या फुगीर भागात नेऊन ठेवा.

दिवा लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, पिवळा रंग स्थिर होईपर्यंत. मध्येच लाइट गेली तर आल्या आल्या दिवा स्थिर होत नाही, पुन्हा तेवढंच थांबावं लागतं. जूनमधलं प्रॅक्टिकल असेल तर वेळापत्रकात तेवढी सवड ठेवा. एसीच्या खोलीतून नळी बाहेर आणली की टोकाच्या काचांवर बाष्प धरतं, आणि क्षेत्र धूसर दिसलं की मुलं द्रावणालाच गढूळ म्हणतात. कापसाने पुसा आणि नळी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

---

ताळगाव_पठार

खरा घोळ झिरोमध्ये नाही, तो भाजकात आहे. −४०.३ हा आकडा शुद्ध, न विरवलेल्या अमिनचा. तुम्ही मोजलंत इथेनॉलमधलं द्रावण. याच अमिनचं इथेनॉलमध्ये, १०० मिलीत १० ग्रॅम अशा द्रावणाचं स्पेसिफिक रोटेशन ३०च्या आसपास असतं. हायड्रोजन बंध बदलतात, रेणूची ठेवण बदलते, आणि कोन पाव हिस्सा घटतो. म्हणजे तुमचे −२५.० भागिले ३० केले की ईई ८३ टक्के. दुसऱ्या गटाला ८३ मिळाले होते ते दोन चुका एकमेकींना खाऊन. त्यांची पाठ थोपटू नका.

पहिल्या आणि दुसऱ्या गटाचे आकडे याच ३०ने भागून बघा : ९७ आणि १११ टक्के. शंभराच्या वर ईई आला की विद्यार्थी निदान दचकतो. ९७ आला की खूश होऊन जर्नल मिटतो. ते जास्त धोक्याचं.

पण ३०सुद्धा तुमचा आकडा नव्हे. तो १० टक्क्यांच्या द्रावणाचा, २० अंशांवरचा. तुमचं द्रावण ४.२ टक्के, ३१ अंशांवर. त्यामुळे पुस्तकातला भाजक घेऊच नका, स्वतःच मोजा. विकत मिळणाऱ्या शुद्ध एस-अमिनचे १.०५ ग्रॅम त्याच बाटलीतल्या इथेनॉलमध्ये २५ मिली करा, त्याच नळीत, त्याच दुपारी वाचा. मग लांबी, तापमान, दिव्याची तरंगलांबी, इथेनॉलमधलं पाणी, सगळं वर-खाली सारखंच असल्याने कटून जातं. शुद्ध अल्कोहोलसाठी अबकारीचा परवाना लागतो म्हणून बरेच जण ९५ टक्क्यांवर भागवतात. चालतं, फक्त दोन्ही द्रावणांना बाटली एकच हवी.

आता भाजकातली दुसरी संख्या, काँसंट्रेशन. १.०५० ग्रॅम हे अमिनचं वजन आहे की अमिन अधिक ईथर अधिक पाणी यांचं? शिवाय हे अमिन हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. बाटलीच्या तोंडाशी पांढरा थर जमतो तो त्याचाच. उघड्या बीकरमध्ये वजन करत बसलात तर काठावर पांढरी साय दिसू लागते. वजन वाढतं, कोन वाढत नाही, ईई खोटा कमी दिसतो.

यावर स्वस्त उपाय आहे. कोन वाचून झाला की नळीतलं द्रावण ओतून देऊ नका. त्यातले ५ मिली पिपेटने घ्या, पाणी घाला, मिथाइल रेड टाकून ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा. वजन खरं असेल तर ५ मिलीत ०.२१० ग्रॅम अमिन, रेणुभार १२१.२, म्हणजे १७.३ मिली आम्ल लागायला हवं. समजा १५.९ मिलीच लागलं. तर खरं अमिन ०.१९३ ग्रॅम, म्हणजे ०.०३८५ ग्रॅम प्रति मिली. स्पेसिफिक रोटेशन −२.१० ÷ (२ × ०.०३८५) = −२७.३, आणि ३०ने भागल्यावर ईई ९१ टक्के. कार्बन डायऑक्साइडमध्ये अडकलेलं अमिनही या टायट्रेशनमध्ये मोजलं जातं, म्हणून वजनापेक्षा मी यावर भरवसा ठेवतो. आम्ल घालताना द्रावण नीट हलवा, वायू निघून गेल्यावरच शेवटचा थेंब ठरवा.

---

फोंडा_ऑरगॅनिक

द्रावण घट्ट बुचाच्या फ्लास्कमध्ये तसंच होतं. टायट्रेशन केलं : ५ मिलीला १५.८, १५.९, १५.९. समजा म्हणून लिहिलेला आकडाच निघाला, हे विशेष. शुद्ध एस-अमिनची जुनी बाटली दुसऱ्या विभागातून मिळाली, लेबलवर ईई ९८ टक्के. १.०५ ग्रॅम २५ मिलीत, कोन −२.५०, टायट्रेशन ५ मिलीला १७.२. आता हे सगळं एकत्र कसं मांडू?

---

ताळगाव_पठार

मांडणी फारच सोपी होते. प्रत्येक द्रावणासाठी कोन भागिले आम्लाचे मिली :

तुमचं अमिन : २.१० ÷ १५.९ = ०.१३२
प्रमाण (तुलनेसाठी घेतलेलं शुद्ध) अमिन : २.५० ÷ १७.२ = ०.१४५
गुणोत्तर ०.९१, गुणिले प्रमाण अमिनचा ईई ०.९८, म्हणजे ८९ टक्के.

यात रेणुभार नाही, नळीची लांबी नाही. आम्ल बरोबर ०.१ नॉर्मल आहे का, पिपेट खरंच ५ मिलीचं आहे का, याचीही फिकीर नाही, दोन्हीकडे तेच वापरलंय तोवर. चिन्ह ऋण, म्हणून एस जास्त. एस आणि आर यांचं गुणोत्तर ९४.५ : ५.५. ईई ८९ म्हणजे एस ८९ टक्के असं मुलं लिहितात. तसं नाही. मुख्य समघटकाचा हिस्सा म्हणजे १०० अधिक ईई, भागिले दोन.

म्हणजे तुमचे स्फटिक निर्दोष होते. ६२ आणि ८९मधलं अंतर सगळं भाजकातलं.

---

क्रोमॅटोग्राम

एवढा खटाटोप कशाला? चायरल एचपीएलसीवर (खास कॉलममधून दोन समघटक वेगळे करून प्रत्येकाचं शिखर काढणाऱ्या यंत्रावर) टाका, दोन शिखरांची क्षेत्रफळं घ्या, फरक भागिले बेरीज. वीस मिनिटांत उत्तर, दशांशासकट. पोलॅरिमीटर आता संग्रहालयात शोभतो.

---

वेर्णा_क्यूसी

वीस मिनिटांत उत्तर मिळतं ते कॉलम हाताशी असेल तर, आणि पद्धत आधी बसवलेली असेल तर. चायरल कॉलमची किंमत विचारा, मग पदव्युत्तर प्रयोगशाळेत वापरायला सांगा. आणि एचपीएलसीत फसायच्या जागा कमी नाहीत. आधी रेसिमिक नमुना घालून दोन शिखरं ५० : ५० येतात का ते बघावंच लागतं. येत नसतील तर एका शिखराखाली अशुद्धी लपलीय किंवा शिखरं नीट सुटलेली नाहीत. हे अमिन सरळ घातलंत तर शेपूट काढतं, म्हणजे शिखर एका बाजूला पसरतं. ०.१ टक्का डायइथाइलअमिन मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) लागतं, नाहीतर त्याचं असिटामाइड करून घालावं लागतं. आणि असिटामाइड केलंत तर ईई मोजायच्या आधी त्याचं पुनःस्फटिकीकरण अजिबात करू नका. स्फटिकात ईई वाढतो किंवा घटतो, मोजलं जातं ते भलतंच. कच्चं तसंच घाला.

शिवाय क्रोमॅटोग्राम तुम्हाला अधिक-उणे सांगत नाही. कुठलं शिखर कुणाचं हे कळायला प्रमाण नमुना लागतोच.

एक मान्य : ईई ९५च्या वर गेला की पोलॅरिमीटर निकामी. ९७ आणि ९९मधला फरक त्याला दिसत नाही, आणि औषधाच्या बॅचमध्ये तोच फरक पास-नापास ठरवतो. तिथे एचपीएलसीला पर्याय नाही. पण शिकवायला पोलॅरिमीटरच हवा. भाजक काय असतो हे एचपीएलसीवर कधी कळत नाही.

---

क्रोमॅटोग्राम

संग्रहालयाचं मागे घेत नाही, पण शेपटीचं खरं आहे. 🙂

मधला मार्ग : एनएमआर मिळत असेल तर अमिन ड्यूटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये घेऊन त्यात शुद्ध एस-मँडेलिक आम्ल सममोल किंवा किंचित जास्त घाला. दोन मीठं तयार होतात, वर्णपटात मिथाइलचा डब्लेट (जोडशिखर) १.५ पीपीएमच्या आसपास दोन जागी फुटतो. इथेही आधी रेसिमिकवर करून बघा, दोन डब्लेट सारखे आणि सुटे दिसले पाहिजेत. अमिनचे दहा मिलिग्रॅम पुरतात.

आणि पोलॅरिमीटरवाल्यांनी एक लक्षात ठेवा. रोटेशन आणि ईई नेहमी सरळ रेषेत असतात असं नाही. रसायनशास्त्रज्ञ होरो यांनी १९६९ साली २-इथाइल-२-मिथाइलसक्सिनिक आम्लावर दाखवलं, की एकमेकांना धरून बसणारे रेणू अध्रुवीय विद्रावकात असतील तर निम्म्या ईईला निम्मा कोन मिळत नाही. कार्बोक्सिलिक आम्ल डायक्लोरोमिथेनमध्ये मोजत असाल तर जपून. अल्कोहोलमध्ये ही भानगड बहुतेक मिटते, तुमच्या अमिनला इथे चिंता नाही. मॅलिक आम्लाचं तर पाण्यातल्या द्रावणात काँसंट्रेशन वाढवत नेलं की चिन्हच उलटतं. म्हणून रोटेशनच्या आकड्यापुढे विद्रावक, काँसंट्रेशन आणि तापमान कंसात नसेल तर तो आकडा वाचूच नये.

---

अर्धछाया

दशांशाचा प्रश्न राहून गेला. लघुतम माप ०.१. ब्लँकमध्ये ०.१ची शंका, नमुन्यात ०.१ची, दोन्ही मिळून ०.१४. कोन फक्त २.१०, म्हणजे सुमारे ७ टक्के शंका तिथेच. प्रमाण अमिनच्या २.५०मध्येही ०.१४, म्हणजे साडेपाच टक्के. वर्गांची बेरीज करून मूळ काढलं की ९ टक्क्यांच्या आत-बाहेर. तेव्हा जर्नलमध्ये "८९ ± ८ टक्के" लिहून घ्या. ८८.९४ लिहिणाऱ्याचा एक गुण कापा. पाच रीडिंगच्या सरासरीने शंका कमी होते, पण मुलाची नजर एकाच बाजूला कलत असेल तर पन्नास रीडिंग घेऊनही काही सुधारत नाही. दोघांनी आळीपाळीने वाचावं.

शंका कमी करायची तर कोन मोठा करा. १० सेंटिमीटरची बारीक नळी, जिच्यात ५ मिलीपेक्षा कमी मावतं, ती असेल तर तेच १.०५ ग्रॅम ५ मिलीत करा. लांबी निम्मी झाली, काँसंट्रेशन पाचपट, कोन अडीचपट : पाच अंशांच्या पुढे. प्रमाण अमिनही मग त्याच काँसंट्रेशनला घ्यायचं.

द्रावण केल्या केल्या वाचू नका. अमिन इथेनॉलमध्ये मिसळताना गरम होतं, नळीत तरंग दिसतात आणि हाफ-शेडची कडच सापडत नाही. फ्लास्क गार झाल्यावर खुणेपर्यंत भरा आणि पंधरा मिनिटांनी वाचा.

---

तृतीय_सत्र

एक बाळबोध शंका. आम्ल एल आणि (+), अमिन एस आणि (−). एल म्हणजे डावीकडे ना? मग (+) कसं?

---

ताळगाव_पठार

एल हे वळणाचं नाव नाही, ते ग्लिसराल्डिहाइडशी नातं जोडून ठरवलेलं रचनेचं नाव आहे. कोन कुठे वळतो ते फक्त (+) आणि (−) सांगतात, आणि ते मोजूनच कळतं. आर-एस हाही रचनेचाच नियम, अणुक्रमांकावरून लावलेला. तुझं एल-(+)-टार्टारिक आम्ल म्हणजे २आर,३आर. बाटलीवर तिन्ही नावं असतात, मागवताना तिन्ही जुळतात का बघ. डी मागवलंस तर स्फटिकात आर-अमिन येईल. आणि मेसो (प्रकाश न वळवणारं रूप) मागवलंस तर काहीच सुटणार नाही.

---

वेर्णा_क्यूसी

ईई आणखी वाढवायचा असेल तर स्फटिकांकडे वळा. या मिठाचे दोन प्रकार येतात : टपोरे प्रिझम आणि बारीक सुया. सुयांमध्ये ईई कमी असतो. सुया दिसल्या तर गाळू नका. पुन्हा गरम करून बहुतेक विरघळवा, आणि हळूहळू गार होऊ द्या. प्रिझमचा एखादा दाणा आधीच्या बॅचमधला जपून ठेवलेला असेल तर तो बीज म्हणून टाका. सोडियम हायड्रॉक्साइड घालायच्या आधी स्फटिक भिंगाखाली बघण्याची सवय मुलांना लावा, नंतर कळून उपयोग नाही. गार मिथेनॉलने थोडकंच धुवा, ढिसाळ धुतलं की मीठ गाळणीतून जातं.

मेमध्ये ३२-३३ अंशांच्या खोलीत मिथेनॉल रात्रभर उघडं राहिलं तर उडतं, द्रावण दाट होतं आणि नको असलेलं मीठही खाली बसतं. फ्लास्कला बूच हवं. उत्पन्न जास्त आलं म्हणून खूश होऊ नका : ५ ग्रॅममध्ये एस अडीच ग्रॅमच आहे, म्हणजे मीठ ५.६ ग्रॅमच्या वर आलं तर त्यात आर शिरलेला आहे, हिशेब न करताच सांगता येतं.

ईथरचंही तेच. त्याचा उत्कलनबिंदू ३४.६. उन्हाळ्यात आपल्या प्रयोगशाळेत ते जवळजवळ उकळायच्या बेतात असतं. सेपरेटिंग फनेल दोनदा हलवलं की तोटी उघडून वाफ सोडायचीच, आणि आसपास बर्नर नको. अमिन सुकवायला कॅल्शियम क्लोराइड घालू नका, ते अमिन धरून बसतं. निर्जल पोटॅशियम कार्बोनेट किंवा सोडियम सल्फेट घ्या. तुमची वजनातली आठ टक्क्यांची तूट बहुधा इथूनच आली : अर्धवट सुकवलेला ईथराचा थर आणि वजनाच्या वेळी हवा.

जाता जाता : पाश्चर यांनी १८४८मध्ये चिमट्याने वेगळे केलेले सोडियम अमोनियम टार्टरेटचे स्फटिक साधारण २७ अंशांच्या खालीच सुटे सुटे वाढतात, वर गेलं की दोन्ही समघटक एकाच स्फटिकात बसतात. पॅरिसची थंडी होती म्हणून जमलं. पणजीत मे महिन्यात एसी बंद ठेवून केलं तर चिमटा घेऊन नुसतं बसावं लागेल.

---

फोंडा_ऑरगॅनिक

देव बरें करूं सगळ्यांचं. पुढच्या बॅचला साखरेचं द्रावण, ब्लँक, प्रमाण अमिन, नमुना, आणि शेवटी दोन्हींचं टायट्रेशन असा क्रम ठेवतो. एकच अडचण : एस-अमिनची बाटली परत करायचीय, आणि आमच्या कपाटात आहे ती आर-(+)ची. तीच प्रमाण म्हणून चालेल?

---

ताळगाव_पठार

चालेल. आर आणि एस यांचा कोन आकड्याला सारखा, फक्त चिन्ह उलट. गुणोत्तर काढताना चिन्ह बाजूला ठेवा. पण बाटली कधी उघडलीय ते बघा. बुचाखाली पांढरं साठलं असेल तर तो थर आत पडू देऊ नका, मधलं स्वच्छ द्रव पिपेटने काढा, आणि टायट्रेशन तिचंही करायचंच. लेबलवरचा ईई वर्षानुवर्षं तसाच राहतो, हे अमिन कपाटात बसून रेसिमिक होत नाही. बिघडते ती फक्त शुद्धता, आणि तेवढी टायट्रेशन धरतं.